कोपभवनाचं क्षेत्रफळ

दशरथाच्या राजवाड्यात रुसून बसायला वेगळी जागा होती. कैकेयी दागिने उतरवून तिथे जमिनीवर जाऊन पडली आणि पुढचं रामायण घडलं. लहानपणी मला ही सोय फार आवडायची. रागवायचं तरी कसं रीतसर, ठरलेल्या दालनात! हल्लीच्या बिल्डरांनी क्लब हाऊस दिलं, जिम दिली, कुत्र्यांना फिरायला हिरवळ दिली. कोपभवन मात्र एकाही माहितीपत्रकात सापडत नाही. त्यामुळे वन बीएचकेतल्या माणसाला आहे त्यात भागवावं लागतं. आईचं कोपभवन ओट्यापाशी, बाबांचं मोबाइलमागे, आजोबांचं गॅलरीत. उरलेल्या जागेत पोरं अभ्यास करतात.

अबोला हा मध्यमवर्गाचा लाडका प्रकार. आरडाओरडा केला तर शेजारी ऐकतात, अबोल्याने घराची अब्रू राहते. पण घर चालवायचं म्हणजे निरोप तर द्यावेच लागतात. मग एक निरोप्या नेमला जातो. तो बहुधा तिसरी-चौथीत असतो, बिनपगारी असतो आणि त्याला राजीनामा देता येत नाही.

आमच्या मजल्यावर असा एक निरोप्या होता. त्यांचं दार बहुतेक उघडंच असे, त्यामुळे कामकाज जिन्यातूनही ऐकू येई. स्वयंपाकघरातून फर्मान निघालं, “सांग तुझ्या बाबांना, गिळायचं असेल तर वाढलंय.” पोरगा पाच पावलं चालून बाहेर आला. “बाबा, आई म्हणतेय, जेवायला चला, गार होतंय.” बाबा मान वर न करता म्हणाले, “तिला म्हणावं, मला भूक नाही. तुमचं चालू द्या.” पोरगा पाच पावलं मागे. “आई, बाबा पाच मिनिटांत येतायत.” मूळ मजकुराला धक्का न लावता त्यातलं विष काढून टाकणारा इतका तरबेज संपादक मराठी मासिकांच्या नशिबी कुठला! दोघं खरंच जेवायला आले. पोरगा भात कालवत होता. पण त्याचा एक डोळा आईच्या हातातल्या डावावर होता आणि दुसरा बाबांच्या कपाळावर.

अशा मुलांचं नातेवाईक कौतुक करतात. “वयाच्या मानाने किती समजूतदार!” समजूतदार तर असणारच. कुलपात किल्ली कशी फिरली यावरून त्याला आजची संध्याकाळ कळते. पातेलं ठेवलं की आपटलं, हे तो दुसऱ्या खोलीतून सांगतो. एवढा अभ्यास झाल्यावर सतराचा पाढा पाठ व्हायचा राहतो. त्याचं पोट दुखतं तेही परीक्षेच्या दिवशी नाही, रविवारी. कारण रविवारी दोघंही घरी. मग ओवा होतो, हिंग होतो, जंतांचं औषध होतं. पोट साफ होतं, घर तसंच राहतं.

मुलांना यातलं काही कळत नाही, ही मोठ्यांनी स्वतःची काढलेली समजूत. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. तान्ह्या बाळाशी खेळणाऱ्या आईला त्याने काही मिनिटं चेहरा नुसता निर्विकार ठेवायला सांगितलं. ओरडणं नाही, रागावणं नाही. बाळाने हसून पाहिलं, हात पुढे केले, आवाज काढले. काहीच चालेना तेव्हा तोंड फिरवलं आणि रडायला लागलं. ज्याला अजून बोलता येत नाही, त्यालासुद्धा अबोला कळतो.

नातेवाइकांचे हाल निराळे. लग्नपत्रिकेत एका काकांचं नाव खालच्या ओळीत छापलं जातं आणि भावाभावांचं बोलणं बंद होतं. पत्रिका रद्दीत जाते, अबोला वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे येतो; सातबाऱ्यावर नोंद होत नाही इतकंच. चुलत भावंडं इन्स्टाग्रामवर एकमेकांचे फोटो चोरून बघतात. सगळ्यांत बिकट अवस्था आत्याची. भाऊबीजेला तिला दोन घरं करावी लागतात आणि पहिल्या घरचं श्रीखंड पचायच्या आत दुसऱ्या घरी उपाशी असल्याचं दाखवावं लागतं. डॉक्टर तिला विचारतात, शुगर एवढी वाढली कशी?

कैकेयीचंच बघा. रुसली एक रात्र. एक मुलगा १४ वर्षं वनात गेला. ज्याच्यासाठी हट्ट धरला, तो भरत राज्य सोडून नंदिग्रामात पादुकांपुढे बसला. नवरा पुत्रशोकाने गेला. कोपभवनात एकटीच शिरली, भाडं मात्र घरादाराने भरलं.

म्हणून मोठ्यांनी भांडूच नये? असं कोण म्हणेल! दोन शहाणी माणसं एका गॅसवर स्वयंपाक करतात तिथे वाजणारच. मार्क कमिंग्ज या संशोधकाने मुलांना मोठ्यांच्या भांडणांच्या चित्रफिती दाखवून पाहिल्या. न बोलता धरलेला रागही मुलांना अस्वस्थ करतो, आणि तेच भांडण मिटलेलं दिसलं की त्यांची अस्वस्थता पुष्कळ ओसरते, असं त्याला आढळलं. आपलं चुकतं ते नेमकं इथे. आपण भांडतो मुलांसमोर आणि मिटवतो मुलं झोपल्यावर. शिवाय आपली माफीही मुकी. नवऱ्याने न सांगता गवार निवडून दिली की बायकोने ओळखायचं, गडी शरण आला. बायकोने चहात आलं घातलं की नवऱ्याने ओळखायचं, अर्ज मंजूर झाला. आठ वर्षांच्या पोराला मात्र गवार ही गवारच दिसते. भांडण सुरू कसं करायचं हे तो घरी शिकतो आणि संपवायचं कसं हे न शिकताच बोहल्यावर चढतो.

मारहाण, व्यसन, दहशत यांची गोष्ट वेगळी. तिथे गवार निवडून भागत नाही. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे, आणि ते वापरण्यात कुठल्याही घराण्याचं नाक कापलं जात नाही.

बाकीच्या आपण सगळ्यांनी खुशाल भांडावं. फक्त “चुकलं माझं” हे दोन शब्द पोरं जागी असताना, त्यांना ऐकू जातील असे म्हणावेत. आणि पाच पावलांवरच्या माणसाला जेवायला बोलवायचं असेल, तर हाक आपली आपण मारावी.