चातुर्मास पाळणारा खण

आमच्या घरात चातुर्मास पाळणारे दोघेच. एक माझ्या सासूबाई आणि दुसरा मी केलेला खण. खण म्हणजे चोळीचा नव्हे, टेबलाचा. सासूबाई आषाढीपासून कांदा, लसूण आणि वांगी सोडतात. खण उघडणं सोडतो. देव शेषावर निजतो त्याच सुमाराला तोही आपल्या जागी अंग फुगवून निजतो. मग कितीही ओढा, विनवण्या करा, मुठीला दोरी बांधून दोघांनी जोर लावा, तो तसूभर हलत नाही. कार्तिकी झाली, यवतमाळच्या पहाटेला कोरडा गारवा आला, की एका सकाळी नुसतं बोट लागताच अलगद बाहेर येतो. जणू चार महिने आपणच त्याला हाक मारायची विसरलो होतो.

मी ३० वर्षं शाळेत भूमिती शिकवली. पण माझा जीव जडला होता आकारांवर. उत्तरपत्रिका तपासता तपासता कोऱ्या कागदावर मी खुर्च्या काढत असे. लग्नाच्या पंगतीत लोक ताटाकडं बघत, मी खुर्चीच्या पाठीकडं. केटलीची चोच कुठं वळली म्हणजे चहा बशीत सांडत नाही, दाराची कडी किती उंचीवर असली म्हणजे लेकराला लागते आणि म्हाताऱ्यालाही पुरते, असल्या गोष्टींत माझे अर्धे तास जात. डिझाइन हा शब्द आमच्याकडं मेंदीपुरता आणि ब्लाउजच्या पाठीपुरता. त्यामुळं या आवडीला नाव नव्हतं, आणि नाव नसलेली आवड सगळ्यांत टिकाऊ असते. निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या शालीबरोबर मिळालेल्या पाकिटातून मी एक रंधा, दोन पटाश्या, एक करवत आणि एक गुण्या विकत आणला. दुकानदारानं तीनदा विचारलं, "मिस्त्री कोणता लावला, मॅडम?" तिसऱ्यांदा मी म्हटलं, "मीच." त्यानं शांतपणे पिशवीत हाताला लावायच्या पट्ट्यांचं एक पाकीट टाकलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

सुरुवातीचे दिवस अपमानाचे होते. रंध्यातून निघणारा छिलका कुरडईसारखा वळत, मऊसूत, अखंड बाहेर यावा, अशी माझी कल्पना. माझ्या रंध्यातून पडे तो शिळ्या भाकरीचा चुरा. अकराव्या दिवशी कधीतरी पातं नीट बसलं, हात नीट वळला आणि हातभर लांब, उन्हात धरला तर पलीकडची तुळस दिसेल इतका पातळ छिलका सळसळत बाहेर आला. तो दोन्ही हातांत धरून मी घरात धावले, पहिल्या पगाराची नोट दाखवावी तशी सासूबाईंपुढं धरला. त्यांनी तो उलटसुलट केला, नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "पेटवाले बरं हाय." मग मात्र हळूच पदराच्या गाठीत बांधला. सागाच्या वासाला तेलकट, चामड्यासारखी, जुन्या कपाटाची अशी एक छटा असते. तिच्यापुढं भलेभले हळवे होतात.

तो साग माझ्या माहेरचा. बाभूळगाव तालुक्यातलं आमचं धाब्याचं घर पाडलं तेव्हा भावानं एक चौकट माझ्यासाठी बाजूला ठेवली होती. आमचा जिल्हा कापसाचा म्हणून ओळखला जातो, पण पांढरकवड्याकडं, टिपेश्वरच्या रानाकडं गेलात की तो सागाचाही आहे. पावसाळ्यात सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो. लहानपणी आम्ही त्याचीच मेंदी करत असू. तालुक्याचं नावच बाभळीवरून पडलेलं, तिथल्या माणसांना झाडं नातेवाइकांसारखी ठाऊक. बंडीच्या चाकाला बाभूळ, जुवाला तिवस, आसाला धावडा. कोण किती ओझं सोसेल, कोण रागावून फाटेल, कोण पावसात रुसेल, सगळ्यांचे स्वभाव पाठ.

आमच्या गावच्या वाढयाला, म्हणजे सुताराला, तर ते फारच पाठ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं तान्हा पोळा असतो. आदल्या दिवशी खरे बैल मिरवतात, दुसऱ्या दिवशी पोरं लाकडाचे, चाकांवरचे बैल दोरीनं ओढत घरोघर बोजारा मागत फिरतात. मी सहा वर्षांची असताना माझा बैल त्यानं डोळ्यांदेखत केला. उरलेला एक ठोकळा घेतला, वाकसानं चार-सहा घाव घातले, वशिंड आलं, मान आली. रेघ मारली नाही, माप घेतलं नाही. ठोकळ्यात एक गाठ होती. मला वाटलं, आता बैल बिघडला. त्यानं ठोकळा फिरवला आणि ती गाठ बरोबर डोळ्याच्या जागी आणली. त्या बैलाला मी पुढं वर्षभर वाटीतून पाणी पाजलं, आणि त्या एका डोळ्यानं तो माझ्याकडं बघायचा, हे आजही कुणी नाकारलं तर मी भांडेन.

असल्या हातांचं मोल मला पुढं वाचनातून कळलं. १९५८ साली चार्ल्स आणि रे एम्स हे अमेरिकन जोडपं भारत सरकारच्या बोलावण्यावरून आपला देश हिंडलं. त्यांनी लिहिलेल्या अहवालातून पुढं १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. खुर्च्यांसाठी जगभर नावाजलेल्या या दोघांचं मन इथं कशावर बसलं, तर लोट्यावर. आमच्या वऱ्हाडात त्याला गडवा म्हणतात. तो कमरेवर कसा बसतो, तळहातात कसा भरतो, ओतताना तोल कसा राहतो, वाजवला तर आवाज कसा येतो, हे सगळं त्यांनी प्रश्नांच्या रूपात मांडलं, आणि असा आकार कुणा एकाला सुचत नाही, पिढ्यान्पिढ्यांच्या हातांनी तो घासून आणलेला असतो, असं सांगितलं. हे वाचलं त्या दिवशी मी न्हाणीतला गडवा उचलून मोठ्या आदरानं कमरेवर ठेवून पाहिला. तेवढ्यात सासूबाई आल्या. "पाणी गेलं काय वं नळाचं?" त्यांनी विचारलं.

तर असा सगळा आदर उराशी धरून मी त्या चौकटीचं, सासूबाईंच्या पोथ्यांसाठी, एक बुटकं टेबल करायला घेतलं. त्याला एक खण. आराखडा इतका देखणा की तोच भिंतीला लावून थांबायला हवं होतं. रेषेला जाडी नसते, हे मी हजारो मुलांना शिकवलं होतं. करवतीच्या रेषेला असते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. प्रत्येक काप आराखड्यातलं थोडं थोडं खाऊन टाकी. तरी मे संपता संपता, ४५ अंशांच्या उन्हात ओला पंचा डोक्यावर घेऊन, मी तो खण बसवला. आणि बसला! चारही बाजूंनी इतका नेमका की फटीतून पोस्टकार्ड सरकू नये. लोटला की आतली हवा हलकासा उसासा टाकी. गल्लीतले मिस्त्री बघायला आले. ते माझेच जुने विद्यार्थी, आणि भूमितीत मी त्यांना दोनदा नापास केलं होतं. त्यांनी फटीवरून बोट फिरवलं, खाली पाहिलं आणि एखाद्या नापास मुलाच्या वडलांशी बोलावं तसं हळू म्हणाले, "बाई, मे महिन्यात एवढी बारीक फट? एक नाणं तरी जाऊ द्यायचं होतं. लाकूड जितं असते."

मला ते काव्य वाटलं. श्रावणात कळलं की तो व्यवहार होता. लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही, पण रुंदीला पावसात फुगतं आणि उन्हात आक्रसतं. झाड तोडून शंभर वर्षं झाली, चौकट झाली, चौकटीचा खण झाला, तरी बाहेर मृगाची सर आली की आत त्याचा जीव भरून येतो. माझ्या भूमितीत ऋतू नव्हते. माझा काटकोन वैशाखातही ९० अंशांचा आणि भाद्रपदातही. एवढंच काय ते माझ्या ३० वर्षांत राहून गेलं होतं.

आणि नेमकं त्याच खणात सासूबाईंचं श्रावणातल्या कहाण्यांचं पुस्तक. मी पटाशी घेऊन पुढं झाले, तर त्यांनी हात धरला. "राहू दे. झोपला असन तो. चातुर्मास हाय." पहिल्या सोमवारी संध्याकाळी त्या देवापुढं बसल्या आणि डोळे मिटून आठवून कहाणी सांगू लागल्या. एरवी त्या पुस्तक डोळ्यांशी धरून स्वतःशीच पुटपुटत. आम्ही टीव्हीचा आवाज थोडा कमी करण्यापलीकडं काही करत नसू. आता आवाज मोठा करावा लागला, कारण आठवण ही शब्द ऐकत ऐकतच पुढं सरकते. कहाण्या एकमेकींत मिसळल्या. खुलभर दुधाची म्हातारी शिवाच्या देवळातून निघून आदित्यराणूबाईच्या अंगणात पोचली, मध्येच त्यांच्या माहेरची एक गाय आली, जिचा कुठल्याच कहाणीशी संबंध नव्हता. नवरा टीव्ही बंद करून येऊन बसला. मुलीनं पुण्याहून फोन केला तर म्हणाली, फोन तसाच ठेव, ऐकू दे. बाहेर कपाशीला पात्या लागत होत्या, आत गाय हरवली होती आणि ती सापडेपर्यंत कुणी जेवायला उठलं नाही.

कार्तिकीनंतर खण उघडला, पुस्तक निघालं, सगळ्या म्हाताऱ्या आपापल्या कहाणीत परत गेल्या. उन्हाळ्यात मिस्त्री रंधा घेऊन दारात उभे राहिले. "बाई, वरून दोन हात मारले की बाराही महिने चालते." मी टेबल पुढं ओढलं, खण काढून त्यांच्या हातात दिला, आणि का कोण जाणे, परत घेतला. म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. त्यांनी खांदे उडवले आणि चहा घेतला.

यंदा आषाढीच्या दोन दिवस आधी सासूबाई टेबलापाशी बसलेल्या दिसल्या. पुस्तक मांडीवर होतं. मला वाटलं, या वेळी बाहेर काढून ठेवतायत. त्यांनी ते कपाळाला लावलं, पदराच्या गाठीतला सुकलेला छिलका सोडून खूण म्हणून पानांत घातला आणि पुस्तक खणात ठेवलं. "अहो आई, अडकेल ना!" मी म्हटलं. "मले पाठ हाय," त्या म्हणाल्या. त्यांना पाठ नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. खण अर्धा आत गेला, थोडा कुरकुरला. मग झोपायला निघालेल्या लेकराचं पांघरूण सारखं करावं तसा त्यांनी तो तळहातानं हलकेच आत सारला.