तिघींची तुलना

मार्च महिन्यात आमच्या निमगाव सावात रिकामा माणूस सापडत नाही. उन्हाळी कांदा काढायचा, बराखीत भरायचा, त्यात मजुरांची वानवा. अशा दिवसांत महिला दिनाला वक्ता आणायचा कुठून? मी रविवारची पुरवणी पारावर मोठ्यानं वाचतो, एवढ्या भांडवलावर माझं नाव ठरलं. ‘मराठी लेखिका आणि त्यांचा काळ’ हा विषयही मीच सुचवला. विषय सुचवायला पैसे पडत नाहीत.

शाळेच्या ग्रंथालयात मॅडमनी नोंदवही पुढ्यात ठेवली. ‘शिरूरकर, विभावरी’ दिसलं आणि मला उकळ्या फुटल्या. शिरूर म्हणजे शेजारचाच तालुका! लगेच तिथल्या व्याह्यांना फोन लावून शिरूरकरांचं घर विचारलं. ते म्हणाले, “इथं राहून कोण स्वतःला शिरूरकर म्हणवून घेईल, पाव्हणं? गाव सोडल्यावर म्हणतात तसं.” मी ते मनावर घेतलं नाही.

‘कळ्यांचे निःश्वास’ घरी नेलं. शेतीची वीज रात्रीची, आणि बाहेर बिबट्याचं भय, त्यामुळं मोटार चालू करून मी खोलीचं दार लावून वाचत बसलो. पुस्तक १९३३ सालचं. मुलीचं लग्नाचं वय किमान चौदा असावं, असं शारदा कायद्यानं १९२९ मध्ये कुठं सांगितलं होतं. आणि ही बाई शिकलेल्या, कमावत्या, लग्नावाचून राहिलेल्या मुलींच्या मनात काय चालतं ते लिहीत होती. लोक खवळले. ही विभावरी कोण, याचा शोध सुरू झाला. प्रकाशक ह. वि. मोटे होते. वाचता वाचता पाणी वाफा फोडून शेजारच्याच्या रानात गेलं, ते मला सकाळी शेजाऱ्यानं सांगितलं.

नोंदवहीत पुढं ‘बेडेकर, मालती’ सापडल्या. जुन्या सूचीत ‘बाळूताई खरे’ निघाल्या, ‘अलंकार मंजूषा’वाल्या. झाल्या तीन! मी तौलनिक भाषण लिहून काढलं. विभावरीबाई जहाल. मालतीबाई संसारी, यजमान ‘रणांगण’ लिहिणारे विश्राम बेडेकर. बाळूताई विद्वान, पण अल्पजीवी असाव्यात, कारण १९३८ साली मालतीबाईंचं लग्न होतं आणि पुढं बाळूताईंचा पत्ताच लागत नाही. या योगायोगावर मी एक हळवा परिच्छेदही रचला. मालतीबाईंनी विभावरीबाईंकडून थोडं धाडस घ्यायला हवं होतं, असा सल्ला शेवटी दिला.

भाषणाची तालीम ग्रंथालयातच चालली होती. शेजारच्या टेबलावरची नववीतली मुलगी म्हणाली, “काका, या तिघी एकच आहेत.”

मी तिला समजावू लागलो. तिनं कपाटातून ‘खरेमास्तर’ आणलं. शिक्षक दिनाला उपयोगी पडेल म्हणून ते मी बाजूला ठेवलं होतं. “हे विभावरी शिरूरकरांनी स्वतःच्या वडिलांवर लिहिलंय. मग त्या माहेरच्या खरेच ना?” बाळूताई लग्नानंतर मालती बेडेकर झाल्या, हेही तिनंच सांगितलं. ग्रंथपाल मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. हसू आवरत असाव्यात.

मग मी त्यांचंच ‘बळी’ उघडलं. बळीराजावरचं असेल, कांद्याच्या भावाचंही काही निघेल, अशी माझी समजूत. निघाली सोलापूरची सेटलमेंट. १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. अशा माणसांना तारेच्या कुंपणाआड ठेवायचं, हजेरी घ्यायची. मालतीबाईंनी तिथं नोकरी केली, ते जगणं जवळून पाहिलं आणि १९५० मध्ये ही कादंबरी आली. देशभर तो कायदा रद्द झाला १९५२ मध्ये. म्हणजे कायदा देशभर रद्द होण्याआधी पुस्तक पोचलं. ज्या बाईला मी धाडसाचा सल्ला देणार होतो, ती ही.

महिला दिनाला ती मुलगी बोलली, आणि झकास बोलली. माझ्याकडं आभारप्रदर्शन आलं, तेही लांबलं असं घरचे म्हणतात.

तुमच्या गावच्या शाळेत ‘बळी’ असेल तर काढून वाचा. नोंदवहीत मात्र ‘बेडेकर’ आणि ‘शिरूरकर’, दोन्हीकडं बघा. आणि शेजारी कुणी नववीतलं बसलं असेल तर आधी त्याला विचारा.