अखंड कीबोर्डास अनावृत पत्र

रा. रा. अखंड कीबोर्ड यांसी,
मुक्काम टेबल, पुसेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली

सा. न. वि. वि.

आपली तब्येत ठणठणीत आहे, हे पाहून आनंद वाटतो. वारसाचे अर्ज आणि शपथपत्रं बडवून जायबंदी झाली ती माझी मनगटं. आपल्या वीतभर जागेत दोन्ही हात कोंबायचे म्हणजे कोपरं बाहेर, मनगटं करंगळीकडे वाकलेली, तळवे पूर्ण पालथे. दिवसभर असं बसवण्याची शिक्षा मास्तरांनासुद्धा सुचली नव्हती.

आपल्या ओळी एकमेकींपासून तिरप्या सरकलेल्या का, असं विचारलं की आपण वाडवडिलांकडे बोट दाखवता. शोल्स यांचा टाइपरायटर रेमिंग्टनने 1874 साली बाजारात आणला. त्यात प्रत्येक किल्लीखाली दांडी होती आणि दांड्या एकमेकींना अडू नयेत म्हणून ओळी सरकवलेल्या होत्या. आपल्या पोटात एकही दांडी नाही, पण घराणं मोठं!

दोन हातांना दोन भाग द्यावेत, हे जर्मनीत क्लॉकेनबर्ग यांनी 1926 सालीच मांडलं होतं. मराठीपुरतं बोलायचं तर 1986 च्या इन्स्क्रिप्ट या किल्ल्यांच्या मांडणीत वाटणी झालेलीच आहे : स्वर-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. म, न, ण, व एवढेच डावीकडे राहिले. 1 मे 1999 ला हिंगोलीसुद्धा परभणीपासून वेगळी झाली. आपण मात्र एकत्र कुटुंबाचा हट्ट सोडत नाही.

म्हणून आपल्या जागी दोन तुकड्यांचा कीबोर्ड आणायचं ठरवलं. सगळ्यात देखणा उमेदवार 42 किल्ल्यांचा : बोटांच्या लांबीनुसार मांडलेल्या उभ्या रांगा, अंगठ्यांना वेगळं काम. पण इंग्रजीत ‘पी’च्या उजवीकडच्या चौकटी कंसाला कोण विचारतो, म्हणून तो गाळलेला. इन्स्क्रिप्टमध्ये त्याच किल्लीवर ड आहे आणि शिफ्ट धरली की ढ. म्हणजे मराठवाडाही गेला आणि औंढा नागनाथही. ओळीच्या टोकाच्या किल्लीवरचा ॉ गेला, आकड्यांच्या ओळीतला ृ गेला. मनगट दुखतंय म्हणून ‘डॉक्टर’ लिहायला जावं, तर हातात ‘क्टर’ येतो. ही अक्षरं अंगठ्याने दुसरा थर उघडून मिळतात म्हणे. ढसाठी अंगठा, शिफ्ट आणि किल्ली, तिन्ही एकदम. अर्जदार समोर घड्याळ बघत उभा असताना ही कसरत कोण करणार? घरी कादंबरी लिहिणाऱ्याने खुशाल करावी.

तेव्हा पहिल्या खेपेला मी आपलाच चुलतभाऊ निवडतोय. ओळी आपल्यासारख्याच तिरप्या, कंस-आकडे जागच्या जागी, फक्त मधून कापलेला. तिरकेपणाचा गुन्हा तूर्त माफ. किल्ल्यांची मांडणी बदलता येणारा मिळाला तर उत्तम. बिनतारी मात्र नको. त्याच्या दोन्ही भागांना वेगळी बॅटरी लागते आणि इथे एकच मोबाइल चार्ज करताना मारामार. काहींचे दोन भाग इअरफोनसारख्या पिनेच्या वायरने जोडलेले असतात. ती चालू असताना उपटली तर शॉर्ट होण्याची भीती, आणि आमच्याकडे आईबरोबर येणारं प्रत्येक पोर आधी वायरच उपटतं. यूएसबी-सीची जोडणी बरी.

एक अडचण मीच सोडवीन. आपल्या संगतीत मला ‘व’ उजव्या हाताने मारायची खोड लागली. कापलेल्या कीबोर्डात ‘व’ डाव्या तुकड्यावर जातो. काही दिवस ‘पुसेगाव’ लिहिताना शेवटी बोट टेबलावर आपटणार.

आपल्याला भंगारात देणार नाही, घाबरू नये. तळवे पूर्ण पालथे पडू नयेत म्हणून नव्याचे आतले काठ जरा उचलून ठेवावे लागतात. त्यासाठीचे पाय वेगळे विकत मिळतात, पण आपण असताना खर्च कशाला? दोन तुकड्यांच्या मधोमध, उभे, पालथे, टेकू म्हणून आपली नेमणूक करण्यात येत आहे. रुजू व्हावे.

कळावे,
आपला पीडित,
एक टंकलेखक