ठासणीची बंदूक आणि टस्कर

अमेरिकेत जुनी लष्करी गॅरंड रायफल नागरिकाला रीतसर विकत मिळते. उसात हत्ती शिरणाऱ्या चंदगडच्या शेतकऱ्याने असली स्वप्ने पाहू नयेत. आपल्याकडे .३०३ ची लष्करी रायफल निषिद्ध, पीकराखणीसाठी १९५९ चा शस्त्र कायदा पुढे करतो ती मुख्यतः ठासणीची बंदूक. म्हणजे दारू, छर्रे ठासून होईपर्यंत उसातल्या टस्कर हत्तीने शिस्तीत थांबायचे. शिवाय हत्ती आणि गवा १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, तेव्हा बार काढायचा तो हवेतच. कोणी म्हणेल, रायफली मोकळ्या सोडल्या तर माणसेच मरतील. अगदी खरे, बंदी रास्तच आहे. पण फक्त आवाजच काढायचा, तर परवान्यासाठी पोलीस ठाणे आणि जिल्हाधिकारी कार्यालयाचे उंबरे कशाला झिजवायचे? फटाके बाजारात मिळतात, आणि निवडणूक लागली म्हणून ते बंदुकीसारखे ठाण्यात जमाही करावे लागत नाहीत.