चढावर उपवास, उतारावर पारणे

आमचे साडू ग्लासगोस स्थायिक झाल्यापासून, मागे चार खोल्यांचे ऐसपैस घर मोकळे टाकून चाकांवरच्या एका खोलीत चौघांनी दाटीवाटीने राहणे यालाच सुटी मानू लागले आहेत. या मोटारहोममध्ये बॅटऱ्या दोन: एक इंजिन सुरू करणारी, आणि दुसरी दिवे, पाण्याचा पंप व हीटरचा पंखा यांचा योगक्षेम वाहणारी, जिला तिकडे लीझर बॅटरी म्हणतात. गाडी धावत असता अल्टरनेटरने वीज निर्माण करावी, पहिलीचे देणे भागवावे आणि शिल्लक दुसरीच्या खजिन्यात भरावी, असा या संस्थानाचा शिरस्ता. परंतु रॅनॉक मूरचे विस्तीर्ण माळरान ओलांडून, रमतगमत का होईना, सारा दिवस प्रवास करून आम्ही फोर्ट विल्यमला पोहोचलो, तरी संध्याकाळी तोटी उघडताच पंप कण्हू लागला. मीटर लावला, तो १२.१ व्होल्ट. भरलेल्या बॅटरीने विश्रांतीत १२.७ च्या आसपास दाखवावे. म्हणजे निम्म्याहून अधिक खजिना रिता.

तळावर मुक्कामाला आलेली मंडळी पावसामुळे आधीच निरुद्योगी होती, त्यामुळे सल्लागारांची वाण पडली नाही. एकाने बॅटरी मृत ठरवून नवी घेण्याची तजवीज सुचवली, दुसऱ्याने अल्टरनेटरवर वहीम घेतला, तिसऱ्याने फ्यूज, फ्यूज असा घोष लावला. आणि प्रकरण हातघाईवर येणार इतक्यात, पाऊस थांबताच त्या मुलखात ढगांसारखे उठणारे मिज नावाचे सूक्ष्म चावरे कीटक अवतरले व त्यांनी सभा तहकूब केली.

सकाळी साडूंनी एकेकाची जबानी घेतली. इंजिन सुरू होताच पुढच्या बॅटरीवर १४.३ आले, दोन्ही बॅटऱ्यांना जोडणारा-तोडणारा रिले ‘टक्’ करून जोडला गेला, मागच्या बॅटरीवर १३.९ उमटले, फ्यूजच्या दोन्ही बाजू सारख्या, तारा घट्ट. सारे निर्दोष! मग सिगारेट पेटवायच्या सॉकेटात बसणारा चिमुकला व्होल्टमीटर खोचून आम्ही मार्गस्थ झालो आणि आकडे पुकारण्याचे काम आमच्या सौभाग्यवतींनी स्वीकारले. काही मैल १४ च्या वर असलेला आकडा चढ लागला तसा १२.५ वर येऊन बसला, आणि उतारावर साडूंनी पाय उचलताच एकदम १४.८ झाला.

“भावजी, तुमच्या गाडीला उतारच मानवतो!” सौभाग्यवती उद्गारल्या, आणि निदान झाले ते याच वाक्याने.

युरोपात २०१५ च्या सुमारास युरो ६ हे धुराविषयीचे नियम अमलात आल्यापासून गाड्यांमध्ये बहुधा ‘स्मार्ट’ अल्टरनेटर असतो. अल्टरनेटर फिरवण्यास इंधन खर्ची पडते. म्हणून पहिल्या बॅटरीची निकड भागली की गाडीचा संगणक व्होल्टेज उतरवतो, आणि उतारावर गाडीचा वेग फुकट जायचा त्याचीच वीज करून घेता यावी म्हणून त्या बॅटरीत थोडी जागाही मुद्दाम रिकामी राखतो. आमचा रिले मात्र जुन्या अमदानीतला कारकून: १३.३ व्होल्टचा दाखला दिसल्याशिवाय दार उघडावयाचे नाही आणि १२.८ च्या खाली आकडा गेला की ते लावून घ्यावयाचे, एवढाच हुकूम त्याला ठाऊक. त्याची अंमलबजावणी तो इतक्या सचोटीने करीत होता की मागच्या बॅटरीला चढावर उपवास आणि उतारावर पारणे घडत होते. (सर्वांनी नियम पाळल्यामुळे झालेली उपासमार मी तत्पूर्वी फक्त सरकारी कचेऱ्यांतच पाहिली होती.)

हेडलाइट लावून ठेवा म्हणजे अल्टरनेटर जागा राहील, असाही एक तोडगा कानी आला होता. काही गाड्यांना तो लागूही पडतो म्हणतात. आमच्या गाडीने भर दुपारी दिवे मिरवले, पण आकडा ढळला नाही.

अखेर रिलेला पेन्शनीत काढून त्याच्या जागी बॅटरी-टू-बॅटरी चार्जर बसवण्यात आला. इंजिन चालू असल्याची खात्री पटली की समोरून साडेबारा व्होल्ट येवोत की पंधरा, तो मागच्या बॅटरीस तिच्या गरजेप्रमाणे १४.४ पर्यंत चढवून देतो. ‘मृत’ ठरवलेली बॅटरी अद्याप तीच आहे. तेव्हा अशी गाडी बाळगणाऱ्या वाचकांना एवढीच विनंती, की नव्या बॅटरीचे पैसे मोजण्यापूर्वी एखाद्या लांब चढावर शेजारी बसलेल्या माणसाकडून आकडा वाचून घ्यावा.