बायकोनं जिंकावं, पण नवरा वाईट हवा

विनोदी कौटुंबिक मालिकेचा लेखक अडला, की नवरा-बायकोत पैज लावून देतो. ‘तुझं काम सोपं की माझं?’ एवढ्या एका प्रश्नावर वीस-बावीस मिनिटं आरामात निघतात. शेवटी दोघांनाही एकमेकांच्या कष्टांची जाणीव होते, सासूबाई डोळ्यांना पदर लावतात आणि जाहिराती सुरू होतात.

हे बियाणं जुनं आहे. अमेरिकेत १९५२ साली ‘आय लव्ह लूसी’च्या एका गाजलेल्या भागात बायका चॉकलेटच्या कारखान्यात कामाला गेल्या आणि नवरे स्वयंपाकघरात शिरले. तिकडे पट्टा वेगानं सुटल्यावर बायकांनी चॉकलेटं तोंडात कोंबली, टोपीत लपवली. इकडे भात भांड्याबाहेर उसळला. सामना बरोबरीत, दोघंही आपापल्या जागी परत. आपल्याकडे देवलांच्या ‘संशयकल्लोळ’ नाटकात (१९१६) फाल्गुनराव आणि कृत्तिका हे नवरा-बायको संशय घेण्यात एकमेकांना हार जात नाहीत. नियम दोन्हीकडे एकच: दोघांनी सारखंच वेडं ठरायचं, म्हणजे घर जिथल्या तिथं राहतं.

आता हाच पैजेचा भाग कोल्हापूर जिल्ह्यातल्या पेठ वडगावात चित्रित करायचं ठरलं म्हणा. मालिकेतला राणादा शेजारच्या जिल्ह्यात न जाता वसगड्याला मिळाला. वडगावच्या वाट्याला निदान एक आण्णा यावा, ही रास्त अपेक्षा. पण पहिल्याच दृश्याला पंचाईत. कामांची अदलाबदल करायची, तर वहिनींनी आण्णांचं कुठलं काम करायचं? भांगलण त्या करतात. वैरण त्या आणतात. शेणघाण त्या काढतात, दोन्ही वेळच्या धारा त्याच काढतात. राहता राहिलं चौकात बसून उसाची पहिली उचल किती असावी हे ठरवणं. लेखकानं नाइलाजानं तेच लिहिलं. वहिनी चौकात जाऊन बसल्या. दहा मिनिटांत एका म्हाताऱ्यानं आण्णांना फोन लावला, “आरं, वैनी चौकात बसल्यात. घरात काय झालंय काय?” अदलाबदल तिथंच संपली.

मग लेखक रश्श्याकडे वळला. कोल्हापूर जिल्ह्यात पुरुषानं स्वयंपाक करण्यात कमीपणा मुळीच नाही. अट एवढीच, की तो शेतावर करावा, रात्री करावा, मटणाचाच करावा आणि बघायला किमान दहा माणसं असावीत. याला रस्सा मंडळ म्हणतात. आण्णा वर्षातून चार वेळा तांबडा रस्सा करतात, म्हणून ते ‘हाताला चव असलेले’. वहिनी वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस करतात, म्हणून त्या ‘घरातल्या’.

पैज लागली. परीक्षक गल्लीतलं तरुण मंडळ. आण्णांनी डाव हलवला आणि टाळ्या घेतल्या. वाटण वहिनींनी करून दिलं होतं, भांडी त्यांनीच घासली. चटणी तर त्यांनीच उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, डंकावर कुटून आणलेली. जिंकले आण्णा. पुढच्या खेपेला वहिनींनी चटणीचा डबा तेवढा माळ्यावर ठेवला. रस्सा पानात आला तो फिक्कट. मंडळानं एकमेकांकडे पाहिलं. वहिनींनी विचारलं, “आवं, चटणी घातलासा का न्हाई?” आण्णा डगमगले नाहीत. “कशाला घालू? म्या पांढराच करत हुतो.”

इथवर मालिका दाखवणारी वाहिनी खूश होती. गडबड झाली तिसऱ्या दृश्यात, कारण त्यात पैसे आले.

ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा. त्यानुसार ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत कारखान्यानं पैसे द्यायचे असतात. त्या चौदा दिवसांची वाट बघत आण्णांची मिशी पिकली. दुधाचं बिल मात्र दर दहा दिवसांनी येतं. म्हणजे घरात मान उसाला आणि किराणा दुधावर. सातबारा आण्णांचा, कारखान्याचा शेअर आण्णांचा, दिवाळीची सभासद साखर आण्णांची. आणि जिची म्हैस नवऱ्याला ओळखतसुद्धा नाही, त्या बाईच्या दुधाचं पासबुकही आण्णांचंच, कारण “तिला कुठं येळ हाय बँकेत जायला?” हा युक्तिवाद खरा आहे. वेळ खरंच नाही.

वहिनी म्हणाल्या, “ऊस तुमचा, रान तुमचं. पासबुक तेवढं माझ्या नावावर करा.”

सेनापती धनाजी जाधवांची समाधी याच वडगावात. मोगलांच्या घोड्यांना पाण्यात धनाजी दिसत, म्हणतात. आण्णांना त्या दिवसापासून पासबुकात वहिनी दिसू लागल्या. वास्तविक मागणी फार मोठी नव्हती. शेतकरी नेते शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत नवऱ्यांना जमिनीचा वाटा बायकोच्या नावावर करायला सांगितलं होतं आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी तो केलाही. इथं तर नुसत्या म्हशीचा हिशेब. चार रात्री कूस बदलून आण्णा पाचव्या सकाळी उठले, डेअरीत गेले आणि सही करून आले.

संहिता वाहिनीकडे गेली आणि अडकली.

दूरचित्रवाणीवर बायकोनं नवऱ्याच्या पुढं जाऊ नये, असं कुणी म्हणत नाही. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधल्या राधिकेनं मसाले विकून तीनशे कोटींची कंपनी उभी केली, महाराष्ट्रानं कौतुकानं पाहिलं. पण त्याआधी तिच्या नवऱ्यानं, गुरुनाथनं, शनाया ही प्रेयसी आणली होती. नवरा नालायक ठरला, की बायकोला उद्योगाचा परवाना मिळतो. नवरा बरा असला, तर हिशेब वेगळा. ‘अभिमान’ चित्रपटातली (१९७३) बायको गाण्यात नवऱ्यापेक्षा मोठी झाली, तर मूल गमावून, मुकी होऊन तिला त्याची किंमत मोजावी लागली, मग कुठं दोघं एका मंचावर आली.

त्यामुळे बैठकीत पहिला प्रश्न आला, “आण्णा पितात का?”

“नाही.”

“लफडं?”

“वडगावात? संध्याकाळच्या आत वाठार फाट्यापर्यंत कळेल.”

“आजारी आहेत? कर्ज? कुणाचा दबाव?”

“नाही.”

“मग सही का करतात?”

“म्हैस वहिनी सांभाळतात म्हणून.”

“हे कारण प्रेक्षकांना पटायचं नाही,” असा निर्णय झाला. दोन पर्याय सुचवण्यात आले. एकतर आण्णांना एखादी शनाया द्यावी. नाहीतर वहिनींनी डोळे पुसत ‘तुमची सही हेच माझं पासबुक’ म्हणून ते परत करावं. शनायाचं दिवसाचं मानधन काढून पाहिलं आणि दुसरा पर्याय एकमतानं मंजूर झाला.