जरासा हात लावतो

मुलांच्या कलामहोत्सवात मुलं रमतीलच असं नाही. पप्पा मात्र रमतातच. डहाणूकडे असा महोत्सव भरला, की त्या सकाळी विरारहून सुटणाऱ्या लोकलमध्ये ते ओळखू येतात. खांद्याला मुलीची वॉटरबॅग, मांडीवर तिचीच कंपास आणि चेहऱ्यावर दहावीच्या पहिल्या पेपरचा ताण. चित्र चिंगीला काढायचं असतं. तिच्या हातात फक्त वेफर्सचा पुडा.

तलासरीच्या पाड्यांवरून माणसं जीप भरून येतात, आजीपासून तान्ह्यापर्यंत. सावली बघून बसतात आणि पोरांना मोकळं सोडतात. पप्पा सोडत नाहीत. गाडीतच त्यांनी उजळणी घेतलेली असते : वारली चित्रकला, जिव्या सोमा म्हसे, गाव गंजाड, तालुका डहाणू, पद्मश्री २०११. ‘आणि कुणी विचारलं तर?’ कुणीच विचारत नाही. शेवटी पप्पा ते सगळं चहावाल्याला सांगतात. चहावाला गंजाडचाच असतो. बिचारा पूर्ण ऐकून घेतो आणि मग चहाचे पैसे मागतो.

गेरूने रंगवलेला कागद पुढ्यात येतो. चिंगी काडी तांदळाच्या पिठात बुडवते आणि कोंबडी काढते. कोंबडी माणसापेक्षा मोठी होते. पप्पांचा जीव खालीवर होतो.

‘मी फक्त जरासा हात लावतो हं!’

पुढच्याच मिनिटाला काडी त्यांच्या हातात आणि कंपासमधली पट्टी कागदावर. टोकाला टोक लावून दोन त्रिकोण काढले की माणूस होतो, हे त्यांनी वाचलेलं असतं. पण त्यांचे त्रिकोण कोन मोजून काढलेले. त्यामुळे तारप्याभोवतीचे नाचे पोलीसभरतीला उभे राहिल्यासारखे दिसतात. मागे एक म्हातारी येऊन थांबते. लग्नघरच्या भिंतीवर चौक लिहायचं काम मूळचं सुवासिनींचं. तिनेही कितीतरी लिहिलेले. ती बराच वेळ बघते आणि काळजीने विचारते, ‘यांना गुडघं नाय काय?’

पप्पा खोडरबर शोधू लागतात.

एक स्वयंसेविका हळूच म्हणते, ‘सर, मुलांना करू द्या ना.’ पप्पांना हे मनापासून पटतं. याच तालुक्यात, कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलांना आपल्या हातांनी शिकू देणाऱ्या बालवाड्या कशा चालवल्या, हे ते तिला सविस्तर समजावून सांगतात. सांगता सांगता चौकटीची तिसरी बाजू रंगवून होते.

एवढ्यात मैदानात खराखुरा तारपा वाजायला लागतो. चिंगी कधीच उठून गेलेली असते. तलासरीच्या दोन पोरींच्या कमरेला हात घालून ती फेर धरते, पाऊल चुकवते आणि खिदळते. ‘चिंगे, सही राहिली!’ पप्पा ओरडतात. तारप्यापुढे त्यांचा आवाज कुठला पोचायला?

परीक्षक येतात. नाच्यांच्या शिस्तीवरून नजर फिरवतात, चौकट बघतात आणि कोंबडीपाशी थांबतात. ‘वा! ही खरी मुलाच्या हातची.’ कोंबडीला उत्तेजनार्थ बक्षीस मिळतं.

परतीच्या लोकलमध्ये चिंगी आईच्या मांडीवर झोपलेली असते. पप्पा शेजारच्या प्रवाशाला चित्राचा फोटो मोठा करून दाखवतात.

‘ही कोंबडी बघा. हिला मी मुद्दामच हात लावला नाही.’